लढ्याचा निधी आणि दानाचे शील



घरात दीक्षा झाली की थोड्याच दिवसांत वस्तीतील कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. कधी विहारासाठी, कधी जयंतीसाठी, तर कधी न्यायालयात चाललेल्या एखाद्या खटल्यासाठी. विहाराला दिलेल्या पैशाची वीट दिसते. जयंतीला दिलेल्या पैशाचा मंडप दिसतो. खटल्याला दिलेला पैसा मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो मुद्रांकात जातो, नकलांत जातो, वकिलाच्या फीमध्ये जातो, आणि वर्ष उलटले तरी हाती फक्त पुढची तारीख असते. म्हणून नव्या कुटुंबांच्या मनात प्रश्न येतो : हे दान आहे की नुसती वर्गणी? ते द्यावे का, किती द्यावे, आणि दिल्यावर हिशेब विचारला तर तो अविश्वास ठरतो का? या पाठात आपण याच प्रश्नांचा विचार करू.

प्रश्न आपल्या दाराशी आहे

हा विषय नागपूरकरांना लांबचा नाही. अंबाझरी उद्यानाच्या परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. ती जागा पर्यटन विकासाच्या नावाने खाजगी कंपनीकडे गेली आणि २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीच्या काळात, भवन जमीनदोस्त झाले. लोकांना एकत्र जमणेही कठीण होते अशा दिवसांत ही गोष्ट घडली. पुढे बचाव कृती समिती उभी राहिली. २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या माताभगिनींनी तेथे दीर्घकाळ धरणे धरले. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

त्याआधी २५ जून २०१६ रोजी पहाटे मुंबईत दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस पाडण्यात आला. हा छापखाना बाबासाहेबांच्या पत्रांशी जोडलेला. तेथे वाद बाहेरच्या कंपनीशी नव्हता. इमारत धोकादायक झाली होती असे पाडणाऱ्या विश्वस्तांचे म्हणणे, तर हे विश्वस्त कोणत्या अधिकाराने बसले असा विरोधकांचा सवाल. ते भांडणही न्यायालयाच्या पायरीवर गेले.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. पाडण्याचे काम काही तासांत झाले. न्याय मागण्याचे काम वर्षांवर गेले. संताप पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, आणि खर्च सर्वांत जास्त पुढच्या वर्षांत असतो. लढ्याचा निधी उभारताना आपली गाडी अडते ती याच फरकामुळे.

दोन जुने खटले

बौद्धांच्या इतिहासात असे खटले नवे नाहीत. त्यांतील दोन प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावेत.

पहिला बुद्धगयेचा. सिंहलद्वीपाचे अनागारिक धर्मपाल १८९१ मध्ये बुद्धगयेला आले. महाबोधी मंदिर महंतांच्या ताब्यात पाहून त्यांनी त्याच वर्षी महाबोधी सभेची स्थापना केली आणि देशोदेशींच्या बौद्धांकडे मदत मागितली. जपानच्या बौद्धांनी दिलेली एक प्राचीन बुद्धमूर्ती २५ फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मंदिराच्या वरच्या मजल्यावर ठेवली. महंतांच्या माणसांनी ती तेथून काढून खाली आणली. खटला झाला. गयेच्या दंडाधिकाऱ्याने तिघांना शिक्षा दिली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मंदिराचा ताबा महंतांकडे होता, आणि तेथे मूर्ती बसविण्याचा आपला अधिकार धर्मपालांना सिद्ध करता आला नाही, असे न्यायालयाला वाटले.

दुसरा महाडचा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. तळे समोर, आणि पाणी विकत! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला व तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक सत्याग्रहासाठी जमले असतानाही बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मोडला नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मनाई हुकूम उठला. दाव्याचा निकाल लागला ८ जून १९३१ रोजी, आपल्या बाजूने. पुढे अपील झाले, त्यावरही अपील झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीच्या पाण्यासाठी दहा वर्षे! आणि तेही स्वतः बॅरिस्टर असलेल्या पुढाऱ्याला.

आता हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. बुद्धगयेत आपल्या बाजूला हक्क सिद्ध करता आला नाही, म्हणून आपण हरलो. महाडमध्ये तळ्यावर केवळ आमचाच वहिवाटीचा हक्क आहे असे म्हणणाऱ्यांना ती वहिवाट अनादि काळची आहे हे सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. दोन्हीकडे निकाल फिरला तो पुराव्यावर. घोषणा कोणाच्या मोठ्या होत्या हे न्यायाधीशाने विचारले नाही.

यावरून निधीबाबत दोन गोष्टी शिकायच्या. निधी लांब पल्ल्याचा हवा. आणि त्यातला पहिला रुपया कागदपत्रांवर खर्च झाला पाहिजे.

पैसा नेमका कशाला लागतो

वास्तू गेली की आपण मोर्चा काढतो. मोर्चा काढलाच पाहिजे. पण न्यायालय विचारते : जागा कोणाची? सात-बारा किंवा आखीव पत्रिकेवर नाव कोणाचे? महानगरपालिकेचा ठराव कोणत्या तारखेचा? भवन कोणत्या कारणासाठी बांधले होते? पाडण्याचा आदेश कोणी दिला, नोटीस कोणाला दिली? या प्रश्नांची उत्तरे कागदातच सापडतात.

यातील बरेच कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्जाला १० रुपये आणि साध्या प्रतीला पानामागे २ रुपये इतकाच खर्च आहे, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्कही नाही. म्हणजे लढ्याची पहिली पायरी एका हातमजुरी करणाऱ्या घरालाही चढता येते. त्यानंतर प्रमाणित नकला, टंकलेखन, वकीलपत्र, न्यायालयाची फी, वकिलांची फी हा खर्च येतो. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले तर प्रवास आणि मोठ्या वकिलांची फी वाढते.

येथे नव्या कुटुंबांनी एक हक्क लक्षात ठेवावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मागता येतो. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो असे कोणी सांगितले तर ते चूक आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि धर्मांतरित बौद्धांचा त्यात समावेश झाला. म्हणून निधीसाठी दारोदार फिरण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी जिल्हा न्यायालयातील किंवा उच्च न्यायालयातील विधी सेवेच्या कार्यालयात चौकशी करावी. मोफत मिळणाऱ्या गोष्टीसाठी गरिबाच्या डब्यातला पैसा मागू नये.

दानाकडे पाहण्याची दृष्टी

आता धम्माकडे वळू. दान ही पहिली पारमिता. भगवान बुद्धांनी दानाचे मोल रकमेवर ठरविले नाही. देण्यापूर्वी मन आनंदी असावे, देताना ते निर्मळ असावे, आणि दिल्यानंतर समाधानी राहावे, अशी दात्याची तीन अंगे त्यांनी सांगितली. हे तिसरे अंग फार महत्त्वाचे आहे. दिल्यानंतर दात्याला समाधान केव्हा राहील? आपला पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागला, हे त्याला दिसेल तेव्हा. म्हणजे हिशेब दाखविणे ही दानाची पूर्तता झाली. हिशेब लपविणारा कार्यकर्ता दात्याचे अर्धे दान हिरावून घेतो.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज उच्चारतो : न दिलेले घेणार नाही. खटल्यासाठी दिलेले पैसे जयंतीच्या ध्वनिक्षेपकावर खर्च झाले, तर तेथे कोणी ते घरी नेले नाहीत हे खरे. परंतु जयंतीसाठी ते दिलेलेच नव्हते. कारण कितीही चांगले असो, दात्याला न विचारता निधीची दिशा बदलली की ते न दिलेले घेणेच झाले. हा मुद्दा कठोर वाटेल. पण आपल्या अनेक वस्त्यांतून चांगली कामे थांबली ती शत्रूमुळे नव्हे, अशाच सैल हिशेबामुळे थांबली.

गृहस्थाने किती द्यावे? सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक भाग निर्वाहासाठी, दोन भाग व्यवसायासाठी, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. याचा अर्थ गृहस्थाने घर उघडे टाकून दान करावे असे धम्म सांगत नाही. कर्ज काढून, मुलाची फी थांबवून कोणी खटल्याला पैसे देऊ नयेत, आणि कोणी मागूही नयेत. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, याच नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्यासाठी द्यावा अशी अपेक्षा व्यक्त केली. महिन्याला १२,००० रुपये मिळविणाऱ्या घराचा विसावा हिस्सा ६०० रुपये होतो. सर्वांना तेवढे जमेलच असे नाही. पण पूर्वी नवस, कंदुरी, जत्रा यांवर किती जात होते त्याचा एकदा घरात बसून हिशेब केला, तर पुष्कळ घरांना हा हिस्सा सापडेल.

थोडे गणित

मी शाळेत गणित शिकविते, म्हणून एक उदाहरण मांडते. समजा, एका वस्तीत १५० घरे आहेत. वास्तू पडल्याच्या आठवड्यात संतापाच्या भरात प्रत्येक घराने २०० रुपये दिले. जमले ३०,००० रुपये. पुढे कोणी मागितले नाही, कोणी दिले नाही. दुसऱ्या वस्तीतही १५० घरे आहेत. तेथे प्रत्येक घराने महिन्याला ३० रुपये द्यायचे ठरविले. पहिल्या महिन्यात जमले फक्त ४,५००. पण सातव्या महिन्यात ही रक्कम ३१,५०० होऊन पहिल्या वस्तीच्या पुढे गेली. वर्षात झाले ५४,०००. महाडसारखी दहा वर्षे लागली, तर ५,४०,००० रुपये.

तीस रुपये म्हणजे दिवसाला एक रुपया. धुण्याभांड्याची कामे करणारी भगिनीही तो देऊ शकते, आणि मान वर करून देऊ शकते. शिवाय महिन्याला एकदा प्रत्येक घरी जाणे झाले की खटल्याची बातमीही प्रत्येक घरी पोचते. संतापाचा निधी एकदाच जमतो. महिन्याच्या निधीने मात्र माणसे जोडलेली राहतात, आणि खटला चालू असेपर्यंत समाजाला त्याचा विसर पडत नाही.

निधी उभारण्याची शिस्त

पुढील नियम आपल्या विहाराच्या सभेत वाचावेत आणि ठराव करून स्वीकारावेत.

१. निधी सुरू करण्यापूर्वी सभा घ्यावी. कोणत्या खटल्यासाठी, वकील कोण, अंदाजे खर्च किती, हे फळ्यावर लिहावे. उरलेल्या पैशाचे काय करायचे तेही त्याच दिवशी ठरवावे. उदाहरणार्थ, मुलांच्या पुस्तकांसाठी. हे शेवटी ठरवायला गेले की भांडण होते.

२. पैसा नोंदणीकृत संस्थेच्या नावाने घ्यावा. संस्था नोंदलेली नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन आधी विचारावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क मध्ये धार्मिक व धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करणाऱ्यांसाठी तरतूद आहे; उत्सवांची मंडळे याच कलमाखाली परवानगी घेतात. जो समाज कायद्याने न्याय मागायला निघाला, त्याने निधीही कायद्याने गोळा करावा. नाहीतर विरुद्ध बाजूला बोट दाखवायला आपणच जागा देतो.

३. खटल्याचे बँक खाते वेगळे असावे आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागाव्यात. त्यातील एक सही स्त्रीची असावी असे मी आग्रहाने म्हणेन. अंबाझरीच्या धरण्यावर ज्या बसल्या, त्यांना तिजोरीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

४. धरण्याचा खर्च आणि न्यायालयाचा खर्च एकत्र करू नये. मंडप, चहा-पाणी, पत्रके यांची वही निराळी. वकील, नकला, फी यांची वही निराळी. दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण एकाची वही दुसऱ्यात मिसळली की कोणताच हिशेब लागत नाही.

५. प्रत्येक रुपयाची पावती. पावतीपुस्तकावर छापील क्रमांक असावेत, स्थळप्रत राहावी, आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद असावी. आता पुष्कळ लोक मोबाईलवरून पैसे पाठवितात. तो क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा. कार्यकर्ता कितीही प्रामाणिक असो, त्याच्या स्वतःच्या क्रमांकावर निधी घेऊ नये. यात त्याचेच रक्षण आहे.

६. दर पौर्णिमेला वंदनेनंतर हिशेब वाचावा : जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी, मागची तारीख काय झाली, पुढची केव्हा. तो कागद विहाराच्या भिंतीवर महिनाभर राहू द्यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शाळेतल्या मुलामुलीने मोठ्याने वाचावा. त्या मुलांचाही तो पाठ होईल.

७. दात्यांची यादी लावताना रकमेच्या क्रमाने लावू नये. घरांच्या क्रमाने लावावी. पाचशे देणारा वर आणि दहा देणारी खाली, अशी उतरंड विहाराच्या भिंतीवर नको. उतरंड सोडूनच तर आपण येथे आलो.

अडचणी येतीलच

एकाच खटल्यासाठी दोन मंडळे निधी मागू लागतात, ही आपल्याकडील नेहमीची अडचण. अशा वेळी नव्या कुटुंबाने गोंधळून जाऊ नये आणि कोणत्याही गटाला अपशब्दही बोलू नये. दोघांनाही तीनच प्रश्न विचारावेत : न्यायालयात अर्जदार कोण आहे? खाते कोणाच्या नावावर आहे? मागच्या महिन्याचा हिशेब कोठे लावला आहे? ज्याच्याकडे उत्तरे असतील त्याला द्यावे. दोघांकडेही असतील तर दोघांना एकत्र बसण्याची विनंती करावी. कालाम लोकांना भगवान बुद्धांनी शिकविले ते हेच : कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हिशेब विचारण्यात अविश्वास नाही. विचारणारा आपला दाता शाबूत आहे याचा कार्यकर्त्यांनी आनंद मानावा.

दुसरी अडचण अफवांची. दोन तारखा पुढे गेल्या की कुजबुज सुरू होते, ‘पैसे खाल्ले.’ तारीख पुढे जाणे हे न्यायालयात रोजचेच आहे. ज्या वस्तीत भिंतीवर हिशेब आहे तेथे या कुजबुजीला उत्तर देण्यासाठी भाषण करावे लागत नाही. बोट दाखविले की पुरते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पैसे दिले, वर्षे गेली, आणि खटला हरलो तर? नव्या कुटुंबांना हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘हमखास जिंकू’ असे सांगून निधी मागणे म्हणजे दात्याला फसविणे होय. १८९५ मध्ये धर्मपाल उच्च न्यायालयात हरले. परंतु त्या खटल्याने बुद्धगयेचा प्रश्न जगापुढे आला. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली बुद्धगया मंदिराचा कायदा झाला आणि व्यवस्थापन समितीत चार बौद्ध व चार हिंदू सदस्य घेण्याची तरतूद झाली. ती अपुरी आहे, पूर्ण व्यवस्थापन बौद्धांकडे यावे, म्हणून आपल्या नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी १९९२ पासून चळवळ चालविली, आणि २०१२ मध्ये प्रश्न याचिकेच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात नेला. धर्मपालांच्या खटल्याला ज्या माणसांनी मदत केली, त्यांच्यापैकी कोणी १९४९ पाहिले नसेल. तरीही त्यांचा पैसा वाया गेला असे कोण म्हणेल? दाव्यासाठी गोळा झालेले कागद, साक्षी आणि निकालपत्रे पुढच्या पिढीच्या हाती राहतात. निकाल आपल्या हाती नाही. हक्क मागण्याची रीत आणि मागताना राखलेले शील, एवढे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

घरी चर्चेसाठी

येत्या रविवारी वंदनेनंतर घरातील सर्वांनी, मुलांसह, पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. आपल्या घराच्या मिळकतीचा विसावा हिस्सा किती होतो? त्यातील किती आपण आज देऊ शकतो?

२. महाड आणि बुद्धगया येथील निकालांत पुराव्याचे काय महत्त्व दिसते?

३. आपल्या वस्तीतील विहार किंवा सभागृह ज्या जागेवर उभे आहे, ती जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे? ठाऊक नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोण लिहील?

४. मागच्या वर्षी आपण ज्या ज्या निधीला पैसे दिले, त्यांच्या पावत्या घरात आहेत का? नसतील तर आजपासून त्या ठेवण्यासाठी एक डबा करावा, आणि त्याचे काम घरातील शिकणाऱ्या मुलीकडे द्यावे.

जय भीम!